जंगली अंबाडी

त्या आठवड्यात मी दिवसातून सहा वेळा मागच्या अंगणात जात होते, आणि सहाही वेळा झाड आधीपेक्षा वाईट दिसत होतं. सकाळी ऑफिसला निघताना गाडी चालू ठेवून बघायचं, संध्याकाळी आल्यावर पर्स खांद्यावर तशीच ठेवून बघायचं, भाजी फोडणीला टाकून पळत जाऊन बघायचं. एकदा भाजी खाली लागली. आईला वास येत नाही म्हणून वाचले.

कोविडमध्ये आईचा वास गेला तो परत आलाच नाही. ती फोडणी मोहरीच्या आवाजावर करते आणि दूध डोळ्यांनी ओळखते. तिला वास येत असता तर हे सगळं मुळात घडलंच नसतं, कारण सप्टेंबरात फुलावर आलेल्या गांजाच्या झाडाचा वास शेजारच्या तीन घरांना येतो.

हो, गांजाचं झाड. मॅसॅच्युसेट्समध्ये घरी लावता येतं. रस्त्यावरून दिसता कामा नये आणि कुलूप हवं, म्हणून आमच्या श्रूजबरीच्या घरामागे शंतनूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सहा फुटी लाकडी कुंपण घालून घेतलं. एकच झाड, प्लास्टिकच्या मोठ्या टबात, तळाला भोकं पाडून. शौक म्हणून नाही. ते आईच्या हातांसाठी होतं.

आई पेणची. तिच्या माहेरी गणपती करायचे आणि तीही दहाव्या वर्षापासून करत आली. बाबा गेल्यावर मी तिला इथे आणलं, तेव्हा संधिवाताने तिची बोटं इतकी आखडली होती की पोळीचा तुकडा मोडायलासुद्धा दोन्ही हात लागायचे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. दोन वर्षं तिने इंडियन स्टोअरमधला तयार गणपती मुकाट्याने बसवला आणि दोन्ही वर्षं त्याच्या सोंडेकडे बघून नाक मुरडलं. मग ऑफिसातल्या एका बाईने मला तेलाचं सांगितलं: फुलं वाळवून खोबरेल तेलात मुरवायची आणि ते तेल सांध्यांना चोळायचं.

रूट नाईनवरच्या गांजाच्या दुकानातून तयार आणता आलं असतं. एकदा गेलेही. पार्किंगमध्ये मराठी मंडळाच्या खजिनदारांची गाडी दिसली आणि मी तशीच माघारी फिरले. ते तिथे काय करत होते हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.

आईला मी सांगितलं की ही जंगली अंबाडी आहे, औषधी. पानं अंबाडीसारखी दिसतातच. खरं सांगणं शक्य नव्हतं. आईचा धाकटा भाऊ गांजाच्या नादी लागून एकोणिसाव्या वर्षी घरातून गेला तो परत आलाच नाही. आमच्या घरी मामाचं नाव निघत नाही. टीव्हीवर कोणी चिलीम ओढताना दिसला तरी आई उठून आत जाते. तेव्हा मी आणि शंतनूने मूग गिळले आणि तिच्या हातांना ते तेल रोज अर्धा तास चोळलं. तेलाने की चोळण्याने, मला आजही सांगता यायचं नाही. पण यंदा ऑगस्टमध्ये आईने बॅगेतून आणलेली शाडूची माती भिजवली आणि नऊ इंचांचा गणपती स्वतःच्या हातांनी केला. सोंड वळवताना ती गुणगुणत होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि आता तेलाची अर्धी बाटली उरली होती, काढणीला महिना होता आणि झाड मरायला टेकलं होतं.

मी एका औषधाच्या कंपनीत काम करते. माल बिघडला की तो का बिघडला हे शोधणं माझं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या आणि घरी आल्यावर आपल्याच झाडासमोर हात टेकायचे, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. खालची पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं, खत कमी पडतंय. खत घातलं. मग पानांची टोकं करपली. मला वाटलं, खत जास्त झालं. ते धुऊन जावं म्हणून दोन बादल्या पाणी घातलं. मग सगळं झाड खांदे पाडून उभं राहिलं. उन्हाने असेल म्हणून आणखी पाणी. पानांच्या खाली भिंग धरून किडे शोधले, एकही नव्हता. इंटरनेटवर अकरा माणसांनी अकरा रोग सांगितले. त्यातला एक ओरेगॉनचा माणूस म्हणाला, झाडाशी बोला. मी बोलले. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"यार, तू त्याला जगू दे ना," शंतनू न्यूजर्सीहून फोनवर म्हणाला. तो सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे असतो आणि तिथून शहाणपण पाठवतो. "रोज काहीतरी नवीन करतेस. आणि मला विचारशील तर तुझ्या मम्मींना सांगून टाक एकदाचं."

"तुला विचारलंय कोणी?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शेवटी शनिवारी सकाळी शंतनू बाजाराला गेल्यावर मी गुरुनाथकाकांना बोलावलं. काका दोन गल्ल्या पलीकडे राहतात. तरुणपणी कृषी महाविद्यालयात शिकवायचे, आता मुलाकडे असतात आणि वूस्टरपासून वेस्टबरोपर्यंतच्या मराठी घरांतले कडीपत्ते बरे करतात. थंडीत कडीपत्ता आत घेतला की तो रुसतोच, त्यामुळे काकांना डिसेंबर ते मार्च फुरसत नसते. मी फोनवर म्हटलं, कडीपत्ता आहे. एकदा खोटं बोलायची सवय लागली की ते आपोआप तोंडातून येतं.

काका कुंपणाच्या आत आले, थबकले, आणि चष्मा वर करून म्हणाले, "हा कडीपत्ता नाही."

"नाही."

"घरात माहीत आहे?"

"शंतनूला. आईला नाही. आईच्या हातांसाठी आहे, काका."

काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. पण त्यांनी बाह्या दुमडल्या. "पानांकडे बघून किती दिवस घालवलेस?"

"दहा."

"म्हणजे दहा दिवस चुकीच्या टोकाला उभी होतीस. उचल टब."

तो हलेना. दोघांनी मिळून एक कड जेमतेम बोटभर उचलली.

"पाणी कधी घातलंस?"

"गुरुवारी. पण पानं बघा ना, कशी सुकलीत."

"सुकलेली नाहीत. हात लाव. सुकलेलं पान कागदासारखं लागतं, हे फुगलेलं आहे. तहानेनं मान टाकली तरी अशीच दिसते आणि बुडताना टाकली तरी अशीच. तू बुडणाऱ्याला पाणी पाजत होतीस." ते गुडघ्यांवर बसले. "पाणी घातल्यावर खालून बाहेर येतं का?"

दहा दिवसांत मी पाण्याचा आंबटपणा मोजला होता, खताचं प्रमाण तीन वेळा बदललं होतं, पानांचे दोनशे फोटो काढले होते. पाणी खालून येतं का हे बघितलं नव्हतं. आमच्या कंपनीत कोणी असा अहवाल दिला असता तर मी तो त्याच्या तोंडावर फेकला असता.

काकांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि तळाच्या एका भोकात घातला. आधी काहीच आलं नाही. मग त्यांनी तो फिरवला आणि राखाडी, दुधाळ पाण्याची चूळ बाहेर पडली. वास असा, की मी दोन पावलं मागे गेले. सडक्या अंड्याचा.

"मूळ गुदमरलंय," काका म्हणाले. "मुळालाही श्वास लागतो. चमचा आण."

वरून दोन बोटं माती उकरली आणि चमचा अडला. खाली गुळगुळीत राखाडी थर होता, टबाच्या कडेपर्यंत पसरलेला. काकांनी त्याचा तुकडा उचलला, बोटांत चोळला, ओला करून परत चोळला. तो लोण्यासारखा पसरला.

"तुझ्या पिशवीतल्या मातीत हे नसतं. ही चिकण आहे. कोणीतरी पातळ करून ओतलीय. थोडी वर बसली, उरलेली कडेनं खाली जाऊन भोकांत बसली." मग त्या तुकड्यातून त्यांनी नखाने काहीतरी सोडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा होता.

आम्ही दोघांनी एकाच वेळी स्वयंपाकघराकडे बघितलं.

दरवर्षी आमचा पाच दिवसांचा गणपती बादलीत विसर्जित होतो. मूर्ती विरघळली की ते पाणी आई मेपलच्या बुंध्याशी घालते, कारण ते मोरीत जाऊ द्यायचं नाही आणि त्याच्यावर कोणाचा पाय पडू द्यायचा नाही. यंदा विसर्जन सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत झालं. मंगळवारी मी ऑफिसला गेले. संध्याकाळी बादली रिकामी होती आणि मी विचारलंही नाही.

आई तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिच्या हातांत ट्रे बघण्याची मला अजून सवय झालेली नव्हती.

"काय म्हणतंय झाड, गुरुनाथराव?"

"मीनाक्षीताई," काका जपून म्हणाले, "विसर्जनाचं पाणी यात घातलंत का?"

"हो तर!" आईचा चेहरा उजळला. "दरवर्षी मेपलला घालते. पण यंदा म्हटलं, मेपलने मला काय दिलंय? ज्या झाडानं हात दिले त्यालाच माझा गणपती द्यायचा. वरून थोडी माती पण सारून ठेवली, उघडा नको राहायला." मग तिने आमची तोंडं बघितली. "का हो? बाधलं का त्याला?"

मी तिला झाडाचं खोटं नाव सांगितलं नसतं तर तिने आभार मानले नसते, आणि तिने आभार मानले नसते तर झाड आजारी पडलं नसतं. दहा दिवस मी खतात आणि किड्यांत जे शोधत होते ते माझ्याच तोंडातून निघालेलं होतं.

"शाडूनं पाणी अडतं," काका म्हणाले. "वरचा थर काढायला हवा. पण वरवरची पांढरी मुळं त्यातच शिरलीत. तेवढीच जिवंत आहेत. चमचा लावला तर तुटतील."

"चमचा कशाला लागतोय? शाडू बोटांनी सोडवायची." आईने ट्रे पायरीवर ठेवला, पदर खोचला आणि टबापाशी पाट ओढून बसली. शेजारच्या बादलीत हात बुडवून तिने थराची कड मऊ केली, अंगठा खाली सरकवला आणि एक चकती अलगद वर घेतली. मग एकेक मूळ मातीतून असं सोडवलं, जसं लहानपणी ती माझ्या केसांतला गुंता सोडवायची. काका बघत होते. मीही बघत होते. ती बोटं दोन वर्षांपूर्वी बटण लावू शकत नव्हती.

ती वाकली की फुलांचे तुरे तिच्या मनगटाला घासायचे. एकदा तिने हात मागे घेतला आणि बोटं एकमेकांना चिकटवून सोडवून बघितली.

"किती चिकट आहे गं. अंबाडी अशी चिकट नसते." तिने बोटं नाकाशी नेली. सवयीने. वास येत नव्हताच. तरीही तिने पुन्हा एकदा हुंगलं.

माझ्याने राहवेना. "आई, ती अंबाडी नाही."

"मग?"

"गांजा आहे. तुझं तेल गांजाचं आहे. गेल्या वर्षीपासून."

काका उठले. "मी पाणी बदलून आणतो," म्हणाले आणि भरलेली बादली घेऊन जे गेले ते अर्धा तास आलेच नाहीत.

आईच्या तळहातावर ओल्या शाडूचा तुकडा होता. तो तिने टाकला नाही. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी ओरडायच्या तयारीतच उभी होते. माझ्याकडे कारणं तयार होती: कायदा, डॉक्टर, तिची बोटं, तिने केलेली सोंड.

"धाकट्याच्या उशीखाली पुडी होती," ती म्हणाली. "एवढीशी. मला सापडली. मी माझ्या बाबांना नेऊन दिली."

हे मला माहीत नव्हतं.

"बाबांनी त्याला अंगणात आणून मारलं. सगळ्या आळीसमोर. तो माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी गेला." तिने तुकडा बादलीच्या जागी, जमिनीवर जपून ठेवला. "लोक म्हणायचे, गांजानं नेलं. मीही तेच म्हणत आले. बावन्न वर्षं."

"आई, तू तेव्हा लहान होतीस."

"एकवीस. लग्न ठरलं होतं माझं."

मी तिच्याजवळ बसले. "मी आत्ताच्या आत्ता उपटून टाकते हे. खरंच. सॉरी. तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं."

"मला विचारायचं होतंस," आई म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. पण विचारायचं होतंस. हात माझे आहेत ना?" आणि मग, तो थर पुरता निघालेला नसताना ती उठून आत गेली. जाताना नळावर तिने हात धुतले, परत धुतले. तो चिकटपणा पाण्याने जात नाही. तेलाने जातो. हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

उरलेलं काम मी आणि काकांनी केलं. तळाला नवी भोकं पाडली, टब विटांवर चढवला, कुजलेली तपकिरी मुळं कापली. ती ओल्या सुतासारखी हातात येत होती. "आता हात बांधून बस," काका म्हणाले. "आठ दिवस पाणी नाही, खत नाही, काही नाही. जमेल?"

मला ते जमत नाही. मी आठ दिवस अंगणात येरझाऱ्या घातल्या. नवव्या दिवशी वरची पानं उभी राहिली. बाराव्या दिवशी भोकातून पांढरं शुभ्र मूळ डोकावलं. झाड बेशरमासारखं सुधारत होतं. घरात मात्र तेलाची बाटली ओट्यावर आली होती. आईने तेल लावून घेणं बंद करून ती तिथे ठेवली होती, झाकण सैलच होतं. घट्ट करण्याइतका जोर तिच्या बोटांत राहिला नव्हता.

तिने काही म्हटलं नाही, चिडली नाही, माझ्याशी रोजच्यासारखं बोलत राहिली. हेच मला सहन होत नव्हतं. सकाळी वेणी घालायला वीस मिनिटं, मग तीस, मग तिने नुसताच बुचडा बांधला. मी डबा उघडून द्यायला पुढे झाले की ती डबा जागेवर ठेवायची आणि म्हणायची, नकोच मला. मी ऑफिसात बसून घरी काय पडलं असेल याचा विचार करायचे. एकदा मध्येच घरी आले. ती खाली बसून सांडलेले पोहे तळहाताने गोळा करत होती, कारण बोटांत दाणे धरता येत नव्हते.

"अगं, ठेव, मी करते."

"तू जा ऑफिसला," ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हवामानवाल्यांनी रात्री दव गोठणार म्हणून सांगितलं. काकांचा फोन आला: फुलं पिकलीत, उद्यापर्यंत काढ, नाहीतर जातील. मी सकाळी कात्री घेऊन मागे गेले आणि झाडासमोर उभी राहिले. पाच फूट उंच, भरगच्च, एवढी चांगली फुलं गेल्या वर्षीही नव्हती. कोणासाठी काढायची होती? मला ते मुळासकट ओढून कचऱ्यात टाकावंसं वाटत होतं आणि एक तुरादेखील वाया जाऊ नये असंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असल्यामुळे मी नुसतीच कात्री उघडमीट करत होते.

मागे दार वाजलं. आई शाल घेऊन पायरीवर आली. तिने हात शालीत गुंडाळले होते.

"काय करतेस?"

"माहीत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "आई, मला खरंच माहीत नाही. तू सांग. तोडू, फेकू, काय करू? तू काही बोलतच नाहीस!"

"तू विचारलंस कुठे?"

मी कात्री खाली ठेवली. मला भलताच राग आला, आणि तो तिचा नव्हता. मी पायरीपाशी गेले. तिच्या शालीतून एक हात बाहेर काढून माझ्या हातात घेतला. सांधे गरम होते, सुजलेले. बोटं मिटत नव्हती आणि उघडतही नव्हती.

"आई," मी म्हटलं, "हा गांजा आहे. याचं तेल मी तुझ्या हातांना लावू का?"

तिने झाडाकडे बघितलं. तिचे ओठ हलले, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"नाही," आई म्हणाली.

मी मान हलवली. तिने हात मात्र सोडवून घेतला नाही.

"तोडून वाळत घाल," मग ती म्हणाली. "आणि उद्या परत विचार."